पुकाऱ्याला गैरहजर

माझ्याच पक्षकाराच्या नावाचा पुकारा झाला, तेव्हा मी कोर्टाच्या मागच्या सायकल स्टँडवर एका दगडावर बसून होतो. अंगात काळा कोट, मांडीवर सात वर्षांची जाडजूड फाइल. वरच्या व्हरांड्यातून शिपायाचा आवाज आला, "हिंदुराव बाबाजी मुळीऽक, हाजिर है काऽ."

आमच्या कोर्टात पुकारा तीनदा होतो. पहिल्याला सहसा कोणी हलत नाही. चहा संपवून तिसऱ्याला पोचलं तरी चालून जातं. त्या दिवशी मी तिन्ही पुकारे बसल्या जागी ऐकले. तिसरा विरल्यावर वाटलं, संपलं. आता वर न्यायाधीश दोन ओळी लिहितील, की अपीलदार आणि त्याचे वकील पुकारूनही गैरहजर, सबब अपील काढून टाकण्यात येत आहे. सात वर्षांचं काम दोन ओळींत. मी फाइल काखेत मारली आणि उठणार, तेवढ्यात जिन्यावरून माहुलीकर वकील उतरताना दिसले. सत्तरीला आलेले, गुडघे गेलेले. एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरत होते, आणि ते माझ्यासाठीच उतरत होते.

"आवटे, इथं काय करताय?" जवळ येऊन ते म्हणाले. "तुमचं अपील पुकारलं. मी साहेबांना सांगितलं, आवटे शेजारच्या कोर्टात आहेत, दुपारनंतर ठेवा. ठेवलंय त्यांनी. या आता."

माहुलीकर माझ्या विरुद्ध बाजूचे वकील. ते गप्प बसले असते तर त्या मिनिटाला जिंकले असते. पण आमच्या बारची जुनी रीत अशी, की समोरचा वकील वेळेवर पोचला नाही तर आपणच उठून त्याच्यासाठी वेळ मागायचा. गैरहजेरीवर जिंकणं म्हणजे कमीपणा. या रितीनं मला कितीदा तरी वाचवलं होतं. त्या दिवशी तिनं माझी पंचाईत केली.

ही पंचाईत समजायला आधी ते अपील सांगायला हवं.

हिंदुराव मुळीक आणि सुंदराबाई, सख्खे भाऊ-बहीण. बाप आधीच गेलेला. बहात्तरच्या दुष्काळात आई गेली आणि तिच्या बाराव्याला सुंदराबाईनं एका कागदावर अंगठा दिला. तो कागद हक्कसोडीचा होता. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला राजीखुशीनं सोडला, असा मजकूर. पुढं ती विधवा झाली, लोकांच्या रानात भांगलायला जाऊ लागली, आणि चौदा वर्षांनी कुणीतरी तिला सांगितलं की तुझा सव्वा एकर तुझ्या भावाच्या नावावर लागलाय. तिनं दावा लावला. खालच्या कोर्टात ती म्हणाली, भावानं सांगितलं की रेशनकार्डावरून आईचं नाव कमी करायचंय, त्याला दोघांचा अंगठा लागतो, नाहीतर धान्य बंद होईल. हिंदुराव शपथेवर म्हणाले, कागद तिला वाचून दाखवला, तिनं समजून अंगठा दिला. कोर्टानं बहिणीचं खरं मानलं आणि सव्वा एकर तिला द्यायचा हुकूम केला. त्यावर हिंदुरावांचं हे अपील. अपील होतं तोवर हुकुमाला स्थगिती, म्हणजे जमीन भावाकडंच.

अपील हिंदुरावांच्या नावावर असलं तरी चालवत होता त्यांचा थोरला मुलगा अधिकराव. साखर कारखान्यात कामाला, अंगानं आडवा, बोलण्यात तिरसट. दर तारखेला तो बापाला मोटारसायकलवर मागं बसवून आणायचा आणि माझ्यापुढं उभं करायचा. म्हातारा कधी बोलत नसे. फक्त आल्या आल्या हळूच एक विचारायचा, "ती आलीया का?" मी म्हणायचो, आलीय. मग तो वर यायचा नाही. पुकारा होईपर्यंत खाली चिंचेखाली बसून राहायचा. वैऱ्याचं तोंड बघायला नको म्हणून बसत असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

सात वर्षं मी या अपिलात तारखाच घेत होतो, कारण दम नव्हता. शेवटी न्यायाधीशांनी कंटाळून "शेवटची संधी" असं लिहिलं. मग मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि मला मुद्दा सापडला. सुंदराबाईनं दावाच मुदतीत लावला नव्हता. बारा वर्षांच्या आत लावायचा, तो चौदा वर्षांनी लावला. खालच्या कोर्टात कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मी हरखून गेलो. वकिली सुरू केल्यापासून हाताला लागलेलं पहिलं जिंकण्यासारखं अपील. सगळे निवाडे शोधले, पानांना खुणा लावल्या, आणि अधिकरावला सांगून टाकलं की आता आपण जिंकणार.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी हिंदुराव माझ्या घरी आले. एकटे. एसटीनं.

मी खुर्ची दिली. ते टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. चहा आला, त्याला हात लावला नाही.

"वकीलसायेब, पोरगा म्हनतोय आपन जिंकनार. खरं हाय का?"

"खरं आहे. मुदतीचा मुद्दा आहे, तो काही सुटत नाही आता."

"म्हंजी तिला काईच मिळनार न्हाई."

"नाही मिळणार."

ते टोपीच्या घडीवर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मग त्या दिशी तुमी जाऊ नगा."

मला वाटलं, काहीतरी उलटसुलट बोलले. मी विचारलं, कुठं जाऊ नका? तर म्हणाले, कोर्टात. नाव पुकारलं की गप बसायचं. ऐकलंय म्या, कुनीच गेलं न्हाई तर आपलं अपील आपोआप जातं.

मी चिडलो. अगदी खरं सांगायचं तर माझ्या मुद्द्यासाठी चिडलो, त्यांच्यासाठी नव्हे. अपील नको असेल तर रीतसर काढून घ्या, मी म्हणालो, अर्ज लिहितो, तुम्ही सही करा, दहा मिनिटांचं काम. त्यांनी मान हलवली. सही केली तर ती दिसणार, पोरं विचारणार. दोन घास खातो ते त्यांच्याच ताटात. या वयात कुठं जायचं.

"आणि मी नाही गेलो तर माझं काय होईल, याचा विचार केलात?"

"केला," ते म्हणाले. "तुमचं नाव जाईल. पर तुमी अजून तरणं हाय."

"पण का? एवढं एक सांगा मला."

"दमलो," ते म्हणाले.  चहा एका दमात पिऊन उठले आणि फाटकाजवळ वळून म्हणाले, "पोराला गाळपामुळं रजा न्हाई. मी बी त्या दिशी गावात नसनार."

मी त्यांना हो म्हटलं नव्हतं. चार दिवस मी फाइल घेऊन बसलो, युक्तिवाद घोकला, आणि दर थोड्या वेळानं मला तो प्रश्न आठवायचा. ती आलीया का. सात वर्षांत पंचवीस-तीस वेळा तरी त्यांनी मला तो विचारला असेल आणि मी एकदाही ऐकला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला काहीतरी कळलं असं मी म्हणणार नाही. पण तारखेच्या दिवशी सकाळी कोर्टाचा जिना चढण्याऐवजी माझे पाय मागं सायकल स्टँडकडं वळले.

आणि आता माहुलीकर माझ्यापुढं उभे राहून दुपारनंतर या म्हणत होते.

"माहुलीकरसाहेब," मी म्हणालो, "मी दुपारीही येणार नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. कोट अंगात, फाइल हातात, तब्येत ठणठणीत. पंचेचाळीस वर्षं कोर्टात घासलेला माणूस. त्यांनी काही विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला माहीत नाही.

"मग घरी जा," ते शांतपणे म्हणाले. "इथं दिसू नका. दिसलात तर मला पुन्हा उभं राहून वेळ मागावा लागेल."

आणि ते परत एकेक पायरी चढायला लागले.

दुपारचं मला शिपायानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. पुन्हा तीन पुकारे झाले. न्यायाधीशांनी माहुलीकरांकडं पाहून विचारलं, आवट्यांचं काय? माहुलीकर उभे राहिले, छताच्या पंख्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मला काही सांगायचं नाही, साहेब." शिपाई म्हणाला, त्यांनी वेळ मागितला नाही असं उभ्या जन्मात पहिल्यांदा पाहिलं. अपील निघालं.

वाटलं, सुटलो. पण चौथ्या दिवशी अधिकराव बापाला घेऊन माझ्या ऑफिसात आला. कारखान्याचं गाळप चालू होतं, तरी रजा टाकून आला होता. त्यानं दुसरा वकील गाठला होता आणि त्या वकिलानं त्याला बरोबर वाट दाखवली होती. असं निघालेलं अपील तीस दिवसांच्या आत पुन्हा चालू करून घेता येतं. वकिलाच्या चुकीचा फटका पक्षकाराला बसू नये, असं कोर्ट मानतं. फक्त त्या वकिलानं आपली चूक शपथेवर कबूल करायची. मी त्या दिवशी तापानं अंथरुणाला खिळलो होतो, असं प्रतिज्ञापत्र त्यांनी टाइप करून आणलं होतं. माझी तेवढी सही हवी होती. आमच्यात हे सर्रास चालतं. त्यात कुणाला काही वाटत नाही, उलट नकार देणाऱ्यालाच लोक आखडू म्हणतात.

"सही करा," अधिकराव म्हणाला. "झालं गेलं सोडून देऊ."

मी हिंदुरावांकडं पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. अधिकरावनं बापाला कोपरानं ढोसलं, "आण्णा, तुमी बी सांगा की."

"करा की सही, वकीलसायेब," म्हातारा मोठ्यानं म्हणाला. आवाज चढवलेला, पण नजर कॅलेंडरवरून हलली नाही.

मी कागद वाचला. मग खाली ठेवला. "मला ताप नव्हता," मी म्हणालो. "शपथेवर खोटं मी लिहून देणार नाही."

"मग कुठं हुता?"

"सायकल स्टँडवर."

अधिकरावला वाटलं, मी त्याची थट्टा करतोय. मग त्यानं जे तोंड सोडलं ते सबंध इमारतीनं ऐकलं. माझ्या वकिलीचा, माझ्या शिक्षणाचा आणि माझ्या घराण्याचा उद्धार झाला. शेजारच्या ऑफिसातली माणसं दारात येऊन उभी राहिली. मी वकील म्हणून चार लोकांत जे काही कमावलं होतं ते त्या दहा मिनिटांत गेलं, आणि मला ते जाताना दिसत होतं.  उलट बोलायची सोय नव्हती, कारण खरं सांगितलं असतं तर म्हाताऱ्याचं ताट गेलं असतं. अधिकराव फाइल उचलून बापाला दंडाला धरून घेऊन गेला.

थोड्या वेळानं जिन्यावर पुन्हा पावलं वाजली. हिंदुराव दारात उभे. एकटे. त्यांची छत्री माझ्या खुर्चीमागं राहिली होती. पावसाचे दिवस नव्हते.

"तुमी न्हाई म्हनला," ते म्हणाले.

"हो."

"माज्याकडनं झालं न्हवतं." त्यांनी छत्री उचलली, तिचा धूळ बसलेला दांडा धोतरानं पुसला. "म्या त्या पिंजऱ्यात शपथ घेतली आन् सांगितलं, कागूद तिला वाचून दावला. दावला न्हवता. रेशनचाच म्हनून सांगितलं हुतं. दुष्काळ हुता, तिला धान्याची भ्या वाटली. ती बोलली त्ये अक्षरान् अक्षर खरं हाय."

मी खुर्चीतून उठलो होतो, तसाच उभा राहिलो.

"पंचवीस वरसं झाली," ते म्हणाले. "मी हाय तवर कुनाला बोलू नगा." आणि खालून अधिकरावनं हॉर्न वाजवला तसे ते गेले.

माझ्या सहीविनाही अर्ज करता आला असता, पण त्यावर खुद्द अपीलदाराची सही लागते. अधिकराव रोज कागद पुढं करायचा, म्हातारा म्हणायचा हात कापतोय, उद्या करतो. पुढं खरोखरच अंथरूण धरलं म्हणे. तीस दिवस असेच गेले. सुंदराबाईला सव्वा एकराचा ताबा मिळाला.

मला मात्र त्या भागातून पुन्हा एकही अपील आलं नाही. बार रूममध्ये कोणी उशिरा पोचला की हमखास कोणीतरी म्हणायचं, आवट्यांच्या वाटेनं चाललात वाटतं. मीही हसायचो. माहुलीकर तेवढे हसायचे नाहीत. त्यांनी तो विषय माझ्याजवळ मरेपर्यंत काढला नाही.

नऊ वर्षांनी एका दुपारी सुंदराबाई माझ्या ऑफिसात आली. मी तिला कोर्टाच्या व्हरांड्यात लांबून पाहिलं होतं, बोललो कधीच नव्हतो. आता ती पार वाकली होती. म्हणाली, मृत्युपत्र करायचंय, जमीन लेकीच्या नावानं लिहायचीय. माहुलीकर वकील तर गेले, तुमी तरी वळखीचं. विरुद्ध बाजूच्या वकिलाशी ओळख सांगणारी माणसं मला फार भेटली नाहीत. मी कागद पुढं ओढला. ती लेकीचं नाव सांगेना. टेबलाची कड बोटांनी चाचपत बसली.

"भाऊ गेला माजा, गेल्या दिवाळीच्या तोंडावर," ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. मी तसं म्हणालो.

"मातीला गेले न्हाई मी," ती म्हणाली. "मनानं घेतलंच न्हाई. पर एक इचारायचं हुतं. दुसऱ्या कुनाला इचारू? तुमी त्या दिशी कोर्टात गेला न्हाई, लोक म्हनतात झोपला हुता. त्याच दिशी त्यो माज्या दारात आला हुता. सकाळच्या पारी. अकरा वरसांत पयल्यांदा. त्याची कोर्टाची तारीख सोडून. म्या बी त्या दिशी गेले न्हवते, वकिलानं नगं म्हनलं हुतं. आला आन् उंबऱ्याभाईर बसला. म्या म्हनलं, आता पाया पडंल, जमीन सोड म्हनंल. मी बी तयारीत हुते. पर त्यो काय बोललाच न्हाई. दुपार झाली तरी बसून. मग उठून गेला. का आला हुता त्यो?"

म्हातारा गेला होता. बोलायची बंदी उठली होती.

मी तिला सगळं सांगितलं. जिंकण्याचा मुद्दा, रविवारची सकाळ, सायकल स्टँड, छत्री. तुम्ही बोललात ते अक्षरान् अक्षर खरं होतं, असं ते म्हणाले, तेही सांगितलं. "इथं त्यांच्या नावाचा पुकारा चालू होता," मी म्हणालो. "त्यांना हजर व्हायचं नव्हतं. मी सायकल स्टँडवर जाऊन बसलो, ते तुमच्या दारात येऊन बसले."

ती रडली नाही. तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर पुढंमागं फिरत राहिला, तिच्या भावाचा त्या रविवारी टोपीवर फिरला होता तसाच. मीच मान खाली घातली.

"पानी मागितलं त्यानं," ती म्हणाली. "तेवढंच बोलला. म्या तांब्या भरून आनला आन् भुईवर ठिवला. हातात दिला न्हाई."

मी पेनाला टोपण लावलं.

"हातात द्यायचा हुता, वकीलसायेब," ती म्हणाली.

मृत्युपत्राचं त्या दिवशी राहून गेलं.